पुन्हा तीन मिनिटांवर

मार्च २०१० मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयात एका जगावेगळ्या खटल्याचा निकाल लागला. वादी होता पिंक फ्लॉइड हा ब्रिटिश रॉक बँड आणि प्रतिवादी त्यांचीच रेकॉर्ड कंपनी, ईएमआय. बँडची तक्रार अशी, की कंपनी आमच्या अल्बममधली गाणी इंटरनेटवर सुटी सुटी विकते. १९७३ चा त्यांचा 'द डार्क साइड ऑफ द मून' ज्यांनी ऐकलाय त्यांना या तक्रारीतली कळ समजेल. त्यात एक गाणं संपतं कुठे आणि पुढचं सुरू होतं कुठे, हे बऱ्याच ठिकाणी सांगताच येत नाही. अल्बम तोडून विकायचा नाही, असं करारात कलमही होतं. ते कलम तबकड्यांपुरतं आहे, इंटरनेटला लागू नाही, असा कंपनीचा बचाव होता. न्यायाधीशांनी कौल बँडला दिला. आणि वर्ष उलटायच्या आत, जानेवारी २०११ मध्ये, बँडनं त्याच कंपनीशी नवा करार करून सुट्या विक्रीला संमती देऊन टाकली. कोर्टात जिंकले आणि बाजारात शरण गेले.

अल्बम संपत चालला, आता सलग कोणी काही ऐकत नाही, ही हळहळ तेव्हाही होती आणि आजही आहे. ती अगदीच खोटी नाही. पण हळहळताना एक हिशेब आपल्या नजरेतून सुटतो. ध्वनिमुद्रित संगीताचं वय सव्वाशे वर्षांच्या पुढे गेलं. त्यात सलग अल्बम ऐकण्याचा काळ भरतो जेमतेम चार-पाच दशकं. महाराष्ट्रात तर त्याहूनही कमी. त्याच्या आधी सुटं गाणं होतं, आणि नंतरही सुटं गाणंच आहे.

१९०२ साली फ्रेड गैसबर्ग ग्रामोफोन कंपनीच्या वतीनं कलकत्त्याला आला आणि त्यानं गौहर जानचा आवाज मुद्रित केला. त्या जातीची तबकडी मिनिटाला साधारण ७८ फेरे घ्यायची. ती लाखेची असायची (आणि जगाला लागणारी लाख बहुतांशी हिंदुस्थानातून जायची). दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर तीन, फार तर साडेतीन मिनिटं मावत. बैठकीत तासभर चालणारा ख्याल त्यात बसवायचा कसा? आपल्या गवयांनी तो बसवला. आलाप आवरता घेतला, लय चढती ठेवली, दोन-चार ठेवणीतल्या ताना घेतल्या आणि सुई आत पोचायच्या आत समेवर आले. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या अशा चिमुकल्या तबकड्या गावोगाव वाजत होत्या. त्या ऐकूनच गदगच्या भीमसेन जोशी नावाच्या मुलाला असं गाणं शिकायचं वेड लागलं आणि अकराव्या वर्षी तो गुरूच्या शोधात घरातून पळाला. तीन मिनिटांचं गाणं म्हणजे उथळ गाणं, असं म्हणणाऱ्यांनी हे जरूर ध्यानात ठेवावं.

मराठी भावगीताचा घाट याच मापात पडला. मुखडा, दोन-तीन अंतरे, मधले वाद्यमेळाचे तुकडे, आणि संपलं. तिसाच्या दशकात गजाननराव वाटवे, जी. एन. जोशी यांच्या पिढीनं हा प्रकार रुजवला. पुढे जोशी स्वतःच एचएमव्ही या रेकॉर्ड कंपनीत अधिकारी झाले आणि कित्येक बुजुर्गांना त्यांनी माइकसमोर आणून बसवलं. तबकडीची एक बाजू म्हणजे एक गाणं, हा व्यवहार त्या काळात इतका सवयीचा होता की गाण्यांचा एखादा संच क्रमानं ऐकावा, ही गरजच कोणाला वाटत नव्हती.

ती युरोपात वाटली, कारण तिथल्या रचनाच लांबलचक. १९०९ मध्ये ओडिऑन कंपनीनं चायकॉव्हस्कीचं 'नटक्रॅकर' चार तबकड्यांवर काढलं. असे संच पुढे फोटोंच्या अल्बमसारख्या जाड पुठ्ठ्याच्या वहीत, कागदी खिशांत घालून विकले जाऊ लागले. ऐकणाऱ्यानं दर चार मिनिटांनी उठायचं, तबकडी उलटायची आणि पुन्हा येऊन बसायचं.

जून १९४८ मध्ये अमेरिकेच्या कोलंबिया कंपनीनं एलपी आणली आणि हा व्याप संपला. बारा इंच व्यास, मिनिटाला ३३⅓ फेरे, लाखेऐवजी विनाइल, केसाएवढी बारीक खाच. एका बाजूवर वीस-बावीस मिनिटं. आपल्याला जो 'अल्बम' म्हणून माहीत आहे त्याचा खरा जन्म इथला. गाण्यांचा क्रम ठरवणं ही कला आहे, हेही इथेच लोकांना उमजलं, आणि त्यातला अर्धा भाग निव्वळ भौतिकशास्त्राचा होता.

एलपीचं फिरणं एकाच वेगाचं असतं, पण सुईखालून खाच सरकण्याचा वेग एक नसतो. बाहेरच्या कडेला घेर मोठा, तिथे सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर खाच जाते. मध्याजवळ घेर लहान होतो आणि तेवढ्याच वेळात जेमतेम २० सेंटिमीटर. म्हणजे शेवटच्या गाण्याला तोच आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबावा लागतो. तिथे झांजा फाटतात, स, श यांसारखी अक्षरं खरखरतात. म्हणून दणदणीत गाणं बाजूच्या आरंभी आणि शांत, कमी वाद्यांचं गाणं शेवटी, असा रिवाज पडला. पहिली बाजू अशी संपवायची की माणसानं उठून तबकडी उलटली पाहिजे, हा दुसरा. पुढे लोक ज्याला अल्बमचा भावनिक चढउतार म्हणू लागले, त्याच्या मुळाशी ही खाच होती. १९६७ मध्ये बीटल्सनी 'सार्जंट पेपर'मध्ये गाण्यांमधल्या मोकळ्या जागा काढून टाकल्या, मलपृष्ठावर सगळी गाणी छापली, आणि अल्बम हे पुस्तकासारखं एकसंध काम आहे, ही समजूत पक्की झाली.

आपल्या रागदारीला एलपीनं श्वास दिला. १९५५ मध्ये सरोदवादक अली अकबर खाँ अमेरिकेला गेले. तिथे एंजल कंपनीनं त्यांची एलपी काढली. एका बाजूला सिंधू भैरवी, दुसऱ्या बाजूला पिलू, आणि ओळख करून द्यायला खुद्द व्हायोलिनवादक येहुदी मेन्युइन. हिंदुस्थानी संगीताची ही पहिली एलपी. तीन मिनिटांच्या सवयीतून बाहेर पडून वीस मिनिटांची मांडणी तबकडीवर करता येते, हे तिनं दाखवलं.

मराठीत मात्र गंमत अशी, की क्रमानं ऐकायच्या गाण्यांचं सर्वांत मोठं काम तबकडीवर जन्मलंच नाही. १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीच्या दिवशी, आकाशवाणीच्या पुणे केंद्रावर 'गीतरामायण' सुरू झालं. ग. दि. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडक्यांच्या चाली. शुक्रवारी सकाळी नवं गाणं, शनिवारी-रविवारी तेच पुन्हा. त्या वर्षी अधिक महिना आला म्हणून ५२ ची ५६ गाणी झाली. शफल नाही, पुढे ढकलणं नाही, मागे जाणंही नाही. एक आख्खा प्रदेश वर्षभर एकाच क्रमानं, एकाच वेळी ऐकत होता. साठच्या दशकात एचएमव्हीनं खुद्द फडक्यांच्या आवाजात त्याच्या दहा एलपी काढल्या, पण तोवर ते घराघरांत पाठ झालेलं होतं.

खास एलपीच्या मापानं बेतलेलं मराठी काम म्हटलं की मला आधी आठवतो तो १९७४ चा 'शिवकल्याण राजा'. राज्याभिषेकाला तीनशे वर्षं झाल्याचं निमित्त. हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत, लताबाईंचा आवाज आणि बाबासाहेब पुरंदऱ्यांचं निवेदन. त्यात रामदास आणि कवी भूषण हे सतराव्या शतकातले आहेत, सावरकर आणि कुसुमाग्रज विसाव्यातले. या कवींना एकमेकांशेजारी बसवायचं तर मधे कोणीतरी बोलणारं लागतं, आणि ते काम निवेदन करतं. आज यातली दोन-तीन गाणी शिवजयंतीला चौकाचौकात लागतात, मिरवणुकीत वाजतात, रील्सवर फिरतात. निवेदन कुठेच ऐकू येत नाही. एका रेकॉर्डची दोन-तीन लोकप्रिय गाणी झाली. काम म्हणून ती रेकॉर्ड किती जणांनी अथपासून इतिपर्यंत ऐकली असेल, याची मला शंकाच आहे.

तसंही एलपी किती घरांत होती? रेकॉर्ड प्लेअर ही सुखवस्तू घरातली चीज. बहुसंख्य मराठी माणसाच्या हाती अल्बम पडला तो कॅसेटच्या रूपात. फिलिप्सनं कॅसेट १९६३ मध्येच काढली होती. आपल्याकडे तिचा पूर आला तो आखातातून येणाऱ्या टू-इन-वनबरोबर, सत्तरच्या अखेरीस आणि ऐंशीच्या दशकात. एचएमव्हीची पिढ्यान् पिढ्यांची मक्तेदारी तिनं मोडली. गुलशनकुमारांच्या टी-सिरीजनं कॉपीराइट कायद्यातल्या एका पळवाटेचा आधार घेत जुनी गाणी नव्या गळ्यांतून स्वस्तात विकली. अमेरिकी संशोधक पीटर मॅन्युएल यांनी या सगळ्या उलथापालथीवर १९९३ मध्ये 'कॅसेट कल्चर' हे पुस्तकच लिहिलं. कॅसेट काढायला कारखाना लागत नव्हता, त्यामुळे ज्यांना मोठ्या कंपनीच्या दारात उभं राहता आलं नसतं त्यांचा आवाज बाजारात आला. प्रल्हाद शिंदे, आनंद शिंदे यांच्या लोकगीतांच्या आणि भक्तिगीतांच्या कॅसेटी एसटी स्टँडवर वाजू लागल्या. चैत्यभूमीवर आणि दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या शेजारी भीमगीतांच्या कॅसेटींचे ढीग लागू लागले. अल्बमच्या इतिहासात बीटल्सची पानं भरपूर असतात, या ढिगांची ओळसुद्धा नसते.

कॅसेटनं सक्तीनं सलग ऐकवलं, कारण पुढचं गाणं नेमकं पकडणं हा वैताग होता. बटण दाबा, अंदाज घ्या, थांबवा, थोडं मागे या. त्यापेक्षा नावडतं गाणं ऐकून घेतलेलं परवडायचं. कंपन्यांना हे पक्कं माहीत होतं. चालणारं गाणं ए बाजूच्या डोक्यावर, दुसरं चालणारं बी बाजूच्या डोक्यावर, आणि मधे भरताड. आठ गाण्यांचे पैसे घेऊन दोन गाणी विकायची, हा अल्बमचा खरा धंदा, आणि तो जगभर असाच चालला. या धंद्याला तोडही तिथेच निघाली होती. बाजारपेठेत एखादा तरी दुकानदार असायचा, ज्याच्याकडे वहीच्या पानावर गाण्यांची यादी द्यायची आणि दोन दिवसांनी कोरी साठची कॅसेट भरून न्यायची. लता, मग किशोर, मग एखादं नाट्यगीत, मग आरत्या. आज ज्याला प्लेलिस्ट म्हणतात ती आमच्याकडे तेव्हापासून आहे. माणसाला निवडीची संधी मिळाली की तो कंपनीचा क्रम मोडतो, हे कळायला इंटरनेटची वाट पाहायची गरज नव्हती.

सीडी १९८२ मध्ये आली, तिनं पुढच्या गाण्यावर उडी मारण्याचं बटण दिलं. १९९९ मध्ये नॅपस्टरनं गाणी फुकट वाटली, तो दोन वर्षांत बंद पडला. एप्रिल २००३ मध्ये ॲपलनं आयट्यून्सचं दुकान उघडून ९९ सेंटला एक गाणं विकायला सुरुवात केली आणि पहिल्याच आठवड्यात दहा लाख गाणी विकली. पाश्चात्त्य लेखक अल्बमचा मृत्युदिन इथे मांडतात. आपल्याकडे ॲपलच्या दुकानापर्यंत गोष्ट गेलीच नाही. फूटपाथवर मिळणाऱ्या एमपीथ्री सीडीत दीडशेच्या आसपास गाणी बसत, अन् ती एका कॅसेटच्या भावात किंवा त्याहून स्वस्त. पुढे मोबाइल दुरुस्तीच्या टपऱ्यांवर मेमरी कार्डात गाणी भरून मिळू लागली. त्या कार्डात फाइलचं नाव असायचं. गीतकार, संगीतकार कधीच गळून पडलेले. त्याच काळात कंपन्या कॉलर ट्यूनवर भरपूर कमावत होत्या, म्हणजे गाण्याच्या अर्ध्या मिनिटावर.

हे अर्धं मिनिट लक्षात ठेवा, कारण आजचा सगळा व्यवहार त्याच्यावर उभा आहे. २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला. २०१९ मध्ये स्पॉटिफाय भारतात आलं. या सेवेवर एखादं गाणं ३० सेकंद वाजलं की ते 'ऐकलं' असं मोजलं जातं आणि पैशाच्या वाटपात धरलं जातं. २९ व्या सेकंदाला तुम्ही पुढे गेलात तर शून्य. आणि ३० सेकंदांनंतर गाणं दोन मिनिटांचं असो की बारा, मोजणी एकच.

याचे परिणाम ऐकू येतात. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात एका संशोधकानं तीस वर्षांतली गाजलेली गाणी तपासली. ऐंशीच्या मध्यावर गायकाचा आवाज सुरू होण्याआधी सरासरी वीस सेकंदांहून अधिक वाद्यसंगीत असे, ते पाचेक सेकंदांवर आलं होतं. आपल्या जुन्या चित्रपटगीतांच्या सुरुवातीला वाजणारे लांब वाद्यमेळ आठवा. आज कोणी निर्माता ते ठेवू देईल का? गाणी आखूड झाली, कारण तेवढ्याच वेळात दोन वाजली तर दोन मोजली जातात. आता यात ख्याल बसवून पाहा. कोणी विलंबित यमन पन्नास मिनिटं गायला आणि तो एकच ट्रॅक म्हणून चढवला, तर त्याची गणती एकतीस सेकंद ऐकलेल्या कुठल्याही गाण्याइतकीच. ज्या संगीताला आपण अभिजात म्हणतो त्याच्यावर या मोजपट्टीनं केलेला हा सरळ अन्याय आहे, आणि त्याबद्दल आपल्याकडे फारशी ओरड नाही याचं मला नवल वाटतं.

गंमत म्हणजे काही अल्बम याच मोजपट्टीमुळे फुगले. डिसेंबर २०१४ मध्ये अमेरिकेच्या बिलबोर्ड मासिकानं अल्बमच्या क्रमवारीत ऑनलाइन ऐकणं धरायला सुरुवात केली. १५०० वेळा गाणी वाजली की एक अल्बम खपला, असा भाव ठरला. मग जास्त गाणी घातली तर जास्त वाजणार, हे उघड होतं. २०१७ मध्ये क्रिस ब्राउन या गायकानं एका अल्बममध्ये ४५ गाणी कोंबली. त्याच वर्षी एड शीरनचा सोळा गाण्यांचा अल्बम आला आणि सोळाच्या सोळा गाणी ब्रिटनच्या पहिल्या वीसांत घुसली. शेवटी तिथल्या क्रमवारीवाल्यांना एका कलाकाराची तीनच गाणी धरायची, असा नियम करावा लागला. नावाला अल्बम, प्रत्यक्षात गोदाम.

मग क्रमाचं काय उरलं? थोड्या, मोठ्या माणसांच्या हाती ते शाबूत आहे. रॅपर केंड्रिक लमारचा 'डॅम' २०१७ मध्ये आला आणि काही महिन्यांनी त्यानं तीच गाणी उलट्या क्रमानं लावून पुन्हा काढली. गोष्टच बदलते, हे दाखवायला. पुढच्या वर्षी त्या अल्बमला पुलित्झर मिळालं. २०२१ मध्ये गायिका ॲडेलनं आग्रह धरला आणि स्पॉटिफायनं अल्बमच्या पानावर आपोआप गाणी पिसणारं बटण मागे सरकवलं. विनाइलही परत आली आहे. २०२२ मध्ये अमेरिकेत १९८७ नंतर प्रथमच सीडींपेक्षा एलपी जास्त विकल्या गेल्या. मात्र तिथल्या एका पाहणीत विनाइल घेणाऱ्यांपैकी निम्म्यांकडेच रेकॉर्ड प्लेअर निघाला. बाकीचे बहुधा भिंतीवर लावत असावेत.

मराठीत असा कोणी दबाव टाकणारा नाही, आणि माझ्या मते खरं नुकसान तिथेच झालं आहे. लता-हृदयनाथ यांचं काम टिकेल, त्याला अल्बमची गरज नाही. गेली ती मधली फळी. नव्वदच्या अखेरीस आलेल्या 'गारवा'त सौमित्र आधी कविता म्हणतो आणि मग मिलिंद इंगळे गातो. पावसाळ्यात घरोघरी ती कॅसेट दोन्ही बाजूंनी वाजायची. त्यात जे गाणं गाजलं नाही तेही लोकांना पाठ झालं, कारण ते गाजलेल्या गाण्याच्या वाटेत होतं. पहिल्यांदा कळत नाही, पाचव्यांदा आवडतं, अशी गाणी असतात. त्यांना पाचव्यांदा कानावर पडण्याची सोय कॅसेटनं केली होती, यंत्राच्या अडचणीमुळे का होईना. ॲपमधली शिफारस तसं करत नाही. तुम्ही एकदा गाणं सोडलंत की ते तुम्हाला पुन्हा दाखवायचं तिला कारणच उरत नाही.

दुसरं गेलं ते पाठीमागचं छापील पान. तबल्यावर कोण, संयोजन कोणाचं, कवी कोण. आकाशवाणीवर 'गीतकार, संगीतकार, गायक' ही तीन नावं सांगितल्याशिवाय मराठी गाणं लागत नसे. आता ॲपवर ठळक दिसतं ते बहुतेक गायकाचं नाव. बाकीची शोधावी लागतात, आणि जुन्या मराठी गाण्यांबाबत सापडली तरी धड असतीलच असं नाही. सारेगामानं २०१७ मध्ये पाच हजार गाणी भरलेला 'कारवाँ' रेडिओ काढला, त्याची मराठी आवृत्तीही आली, आणि तो आजी-आजोबांना भेट म्हणून बेफाम खपला. तोही गाणी कलाकारांच्या नावांनी लावतो. अल्बम त्यातही नाही.

सलग ऐकणं आपल्याकडे अगदीच मेलं, असंही नाही. यूट्यूबवर कंपन्या आख्ख्या चित्रपटाची किंवा कॅसेटची गाणी एका लांब व्हिडिओत 'ज्यूकबॉक्स' म्हणून घालतात. स्वयंपाक करताना, दुकान चालवताना, गाडी हाकताना लोक तो लावून ठेवतात आणि क्रमानं ऐकतात, कारण हात मोकळा नसतो. पूर्वी कॅसेटच्या बाबतीतही कारण फारसं वेगळं नव्हतं.

तेव्हा अल्बमच्या नावानं गळा काढायचं मला तरी कारण दिसत नाही. आठ गाण्यांत दोन विकायचा धंदा बुडाला, बरं झालं. पण जे मुळात क्रमानं ऐकायलाच बांधलं आहे, ते तसं ऐकायचं तर आता ऐकणाऱ्यालाच खटपट करावी लागेल. 'शिवकल्याण राजा' निवेदनासकट शोधा आणि पहिल्यापासून लावा. 'गीतरामायण' लावणार असाल तर शफलचं बटण आधी बंद करा, नाहीतर सीतेच्या स्वयंवराआधी लंका जळालेली असेल.